ब्रॅकेटकडे आधी बघ

बार्स्टो, कॅलिफोर्निया

चि. ओंकारला मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं ड्रॉइंग मिळालं. बाजा या विद्यार्थ्यांच्या ऑफ-रोड गाड्यांच्या स्पर्धेतल्या फ्रेमवर चालकाविना चालणारी गाडी उभी करायची, हा विचार फार आवडला. पण सॉफ्टवेअरवर तीन पानं आणि लिडारच्या (लेझरनं अंतर मोजणाऱ्या सेन्सरच्या) ब्रॅकेटवर एकच ओळ? तिथेच हात घाल आधी.

ब्रॅकेट अर्धा अंश वाकला की 25 मीटरवर 22 सेंटिमीटरची चूक होते. सपाट वाटेवर वीतभर दगड दिसतो आणि गाडी उगाच थांबते. म्हणून लिडारखाली रबर घालू नकोस. लिडार आणि गाडीचा कल मोजणारा सेन्सर एकाच जाड ॲल्युमिनियम पट्टीवर बसव, तिला तिरपे आधार दे. रबराच्या गाद्या हव्यात त्या संगणकाखाली. 2005 ची चालकाविना गाड्यांची वाळवंटातली शर्यत (डार्पा ग्रँड चॅलेंज) जिंकलेल्या 'स्टॅनली' गाडीतही संगणक डिकीत अशाच गाद्यांवर होते. प्रत्येक नट-बोल्टवर रंगाची एक सरळ रेघ ओढ. रेघ तुटलेली दिसली की नट ढिला.

वेगाचं गणित साधं आहे. मोकळ्या खडीवर घर्षणांक 0.4 धर, ब्रेक लागायला 0.3 सेकंद. ताशी 45 किमीला थांबायला सुमारे 24 मीटर लागतात, 50 ला 29. लिडारला 25 मीटरपर्यंतच भरवशाचं दिसत असेल तर 45 च्या वर जायचं नाही. उतारावर त्याहूनही कमी.

तुझ्या ड्रॉइंगमध्ये मोटर ब्रेक दाबते. हे उलटं कर: स्प्रिंगने ब्रेक दाबलेला असावा, मोटरने तो सोडवून धरावा. बॅटरी गेली, वायर तुटली किंवा रिमोटचा सिग्नल हरवला तरी गाडी थांबलीच पाहिजे. यात तडजोड नको.

वायर कनेक्टरजवळ ताणून बांधू नकोस. थोडा झोल सोड, मग फ्रेमला क्लिप मार, नाहीतर खड्ड्यांचे सगळे हिसके पिनेवर येतात. त्याच 2005 च्या शर्यतीत 'हायलँडर' नावाची गाडी आघाडीवर होती, पण इंजिनची ताकद मध्येच कमी पडायला लागली आणि ती तिसरी आली. इंजिनात इंधन सोडणाऱ्या इंजेक्टरच्या वाटेवरचा एक छोटा इलेक्ट्रॉनिक फिल्टर बिघडला होता, हे 2017 मध्ये कळलं! म्हणून तूही एकेक भाग हातानं दाबून, हलवून, इंजिन चालू ठेवून तपास.

धुळीचं एकच सांगते. लिडारची काच कोरड्या फडक्यानं पुसू नकोस, रेतीचे ओरखडे पडतात. आधी हवा मार, मग ओलं फडकं. मऊ रेतीत टायरची हवा कमी कर, पण खडकाळ भागात शिरण्याआधी परत भर. कमी हवेत टायरची बाजू फाटते.

ब्रेकच्या स्प्रिंगचं माप आणि गाडीचं एकूण वजन कळव, मग मोटर कुठली ते सांगते. ताईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी