पिकअप बदलण्याआधी सॅडलचा तळ पाहा

संपादक महाशय,

वाद्यांवरच्या लेखांत अॅम्प, इफेक्ट, नवी मॉडेल यांची चर्चा रंगते आणि दुरुस्तीची वेळ आली की दोन ओळींत 'पिकअप बदलून घ्या' म्हणून विषय मिटतो. (पिकअप म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलून स्पीकरकडे पाठवणारा भाग.) अकूस्टिक-इलेक्ट्रिक बेसच्या, म्हणजे नुसत्या किंवा केबल लावून वाजवता येणाऱ्या पोकळ पेटीच्या बेस गिटारच्या बाबतीत हा सल्ला बहुतेक वेळा घाईचा असतो, म्हणून हे पत्र. मी स्वतः बेस वाजवतो आणि ओळखीच्या वादकांचे बेसही माझ्याकडे दुरुस्तीला येतात. तक्रार ठरलेली: 'नुसता वाजवला तर छान वाजतो, पण केबल लावली की ए आणि डी दणदणतात आणि जी पार गायब.'

(बेसच्या चार तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी.) या वाक्यातच निम्मं निदान आहे. केबलशिवाय चारही तारा सारख्या वाजत असतील तर तारा आणि लाकूड दोन्ही ठीक. बिनसलंय ते सॅडल, म्हणजे पेटीवर तारा ज्या आडव्या पट्टीवर टेकतात ती, आणि त्याखालचा पिकअप यांच्यात. हा पिकअप पिझो जातीचा असतो. काही स्फटिकांवरचा दाब बदलला की वीज निर्माण होते, हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं. तेच तत्त्व इथे वापरलेलं आहे. तार सॅडलला दाबते, सॅडल पिकअपला. सॅडलचा तळ एखाद्या तारेखाली केसभर जरी उचललेला असेल तरी त्या तारेचा आवाज पडतो. पाय आखूड असलेल्या टेबलासारखं आहे हे: सगळा भार उरलेल्या पायांवर. म्हणून जी तार मंद पडली की शेजारची डी अनेकदा जास्तच बोलते.

पण आधी खोलीचा आणि स्पीकरचा संशय फेडून घ्यावा. मोकळी ए तार वाजवा, मग ई तारेवर पाचव्या फ्रेटला (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांपैकी पाचव्या) दाबून तोच सूर, ५५ हर्ट्झ. एक जोरात आणि दुसरा मंद आला, तर दोष त्या मंद तारेखालच्या सॅडल-पिकअपमध्ये. दोन्ही सारखेच मंद किंवा दोन्ही घुमले, तर दोष खोलीचा, स्पीकरचा किंवा बेसच्या पेटीचा. मोकळी ई ४१ हर्ट्झची असते. लहान स्पीकर ती नीट देऊच शकत नाहीत आणि बोल बिचाऱ्या पिकअपला बसतो.

आता सॅडल. तारा ढिल्या करून ते सरळ वर काढा, पकडीने पिरगाळू नका. पहिली परीक्षा फुकटची आहे: सॅडलची टोकं उलटसुलट करून बसवा. तारांची उंची आणि सूर बिघडेल, तात्पुरतं चालवून घ्या. आधी जी मंद होती आणि आता ई मंद झाली, तर दोष सॅडलच्या तळात. जी तशीच मंद राहिली, तर सॅडल बसतं त्या खाचेत किंवा पिकअपमध्ये. खाचेत भुसा, गोंदाचा थेंब सापडतो. पिकअपची वायर ज्या भोकातून आत जाते तिथे पिकअपची पट्टी किंचित उचललेली दिसते. माझ्या अनुभवात तरी पिकअप खरोखर मेलेला क्वचितच निघतो.

तळ सपाट करायला काचेच्या तुकड्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा. सॅडलच्या तळाला पेन्सिल फासा आणि काटकोनी लाकडी ठोकळ्याला टेकवून हलक्या हाताने घासा. चार-दोन फेऱ्यांनी उलटून पाहा. पेन्सिल जिथे शिल्लक आहे तो खड्डा. ती पूर्ण गेली की थांबा, हौसेने आणखी घासू नका: तळातून १ मिलिमीटर गेला तर बाराव्या फ्रेटवर तार साधारण अर्धा मिलिमीटर खाली येते. ठोकळ्याचा आधार न घेता नुसत्या बोटांनी घासलं की तळ गोलसर होतो आणि दुखणं वाढतं.

जाडीकडेही लक्ष हवं. सॅडल बोटाने दाबून खाचेत बसावं आणि बेस पालथा केला तरी पडू नये. फार घट्ट असेल तर दाब खालपर्यंत पोचत नाही. सैल असेल तर ते मानेच्या बाजूला कलतं आणि एका कडेवरच टेकतं. मंद तारेखाली कागदाची घडी सारणं हा कार्यक्रमाच्या रात्री ठीक, कायमचा नाही. कागद दबतो आणि शेजारच्या तारेचा भार चोरतो.

इक्वलायझरने (खालचे-वरचे सूर कमीजास्त करणाऱ्या बटणांनी) हे सुटेल अशी आशा अनेकांना असते. सुटणार नाही. मोकळी जी ९८ हर्ट्झची आणि ई तारेवर पंधराव्या फ्रेटलाही तोच सूर. बटण फिरवलं की दोन्ही तारा एकत्रच वर येतात.

ओळखीच्या एका तरुणीच्या बेसला दुकानात नवा पिकअप बसवला, जुनं वाकडं सॅडल तसंच ठेवून. जी होती तशीच मंद राहिली. दुरुस्तीला बेस देणाऱ्यांनी पिकअपचा भाव विचारण्याआधी सॅडल काढून त्याचा तळ आपल्यासमोर सरळ पट्टीला लावून दाखवायला सांगावं, पट्टीखालून उजेड दिसतो का ते स्वतः पाहावं. आणि आपल्या पुरवणीत वाद्यदुरुस्तीला अधूनमधून अर्धा रकाना मिळावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक आणि बेसवादक