जंबो भंगारात गेलं, निदान मॉडेलं तरी ठेवा

संपादक महोदय,

२२ एप्रिल २०२४ ला एअर इंडियाचं एक जंबो, म्हणजे बोइंग ७४७-४०० विमान, मुंबईहून कायमचं अमेरिकेला गेलं, सुटे भाग काढायला. जाताना पायलटने पंख हलवून निरोप दिला, तो व्हिडिओ सगळ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला, दोन दिवस हळहळले आणि विषय संपला. अख्खं विमान ठेवायला मुंबईत जागा कुठून आणणार हे मान्यच आहे. पण आमच्यासारख्या डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूची मॉडेलं जमवणाऱ्यांच्या कपाटात तेच विमान १:४०० स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या चारशेव्या भागाएवढं, पावणेअठरा सेंटिमीटरचं उभं आहे, खिडक्यांभोवतीच्या लाल झरोक्यांच्या नक्षीसकट, त्याचं काय?

लोक याला पोरखेळ म्हणतात, म्हणोत बापडे. एकाच स्केलची विमानं ओळीने लावली की जे कळतं ते फोटोत कळत नाही. ८ जून १९४८ ला मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलेलं 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन जातीचं विमान या स्केलला साडेसात सेंटिमीटरच्या आसपास, १९६० चं बोइंग ७०७ पावणेबारा, आणि १९७१ चं जंबो त्याच्या दीडपट! त्याआधीचं छोटं डकोटा विमान तर पाच सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. शेपटीवरचं व्हीटीवालं रजिस्ट्रेशन (व्हीटी ही भारतीय विमानांची खूण) चुकलं तर आम्ही मॉडेल परत पाठवतो, एवढे आम्ही खडूस. आणि त्या रजिस्ट्रेशनमागे गोष्टी असतात. व्हीटी-ईबीडी म्हणजे 'एम्परर अशोक', आपलं पहिलं जंबो, १ जानेवारी १९७८ ला बांद्र्यासमोर समुद्रात पडलं, २१३ माणसं गेली. आजच्या किती मुंबईकरांना हे माहितीये?

बाकी कंपन्यांचं तर विचारूच नका. ईस्ट-वेस्ट, दमानिया, सहारा, किंगफिशर, एप्रिल २०१९ ला जेट, नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा, सगळ्यांचे रंग आकाशातून गेले.

माझं म्हणणं एवढंच. नरिमन पॉइंटची एअर इंडिया बिल्डिंग १६०१ कोटींना घ्यायचं राज्य सरकारने २०२३ मध्ये ठरवलं. तिथे मंत्रालयाची ऑफिसं खुशाल येऊ द्या, पण तळमजल्यावर एक खोली मुंबईच्या प्रवासी विमानांची करा. १९३२ ला जेआरडी टाटा विमान घेऊन कराचीहून जुहूला उतरले तिथपासून सुरू करता येईल. सॅन फ्रान्सिस्कोच्या एअरपोर्टवर असं म्युझियम आहे, त्यात मॉडेलंही आहेत, लोक विमानाची वाट बघता बघता बघून येतात.

फक्त करायचं तर नीट करा. ही मॉडेलं जस्ताच्या मिश्रधातूची असतात, त्यात शिशाची भेसळ असली तर काही वर्षांनी पंखाला भेगा पडतात, फुगतात, आणि आपल्या दमट हवेत हे लवकर होतं. म्हणजे काचेचं बंद कपाट, आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि थेट ऊन नको. उद्घाटनाला हार-तुरे आणि पुढच्या पावसाळ्यात बुरशी असला प्रकार असेल तर राहू दे, आमच्या घरात ती सुखी आहेत.

मॉडेलं विकत घ्यायचीही गरज नाही. मुंबई-पुण्यात जमवणारे बरेच आहेत, रीतसर पावती देऊन वर्षभरासाठी मागितली तर बरेच जण देतील. मी तरी माझं ७०७ देतो. जंबोचं घरी विचारून सांगतो.

आपला,
एक वाचक, डोंबिवली