राष्ट्रीय उद्यानातल्या शिलोंड्याच्या वाटेवर सोबत आलेल्या काकांना

काका, नमस्कार.

त्या दिवशीचे भूछत्रांचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकल्यापासून सगळे एकच विचारतायत, कॅमेरा कुठला? कॅमेरा कसला, फोनला चिमट्याने अडकवायची मॅक्रो लेन्स. उजेड कोणी धरला होता, हे मात्र अजून कोणी विचारलेलं नाही. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितेय. तुमची नात वाचून दाखवेल, अशी आशा आहे.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात लोक कान्हेरी बघायला येतात, नाहीतर बिबट्या दिसेल या आशेने. ओढ्याकाठी दिवसभर सडकी लाकडं बघत फिरायचंय, असं सांगितल्यावर तुम्ही हसाल असं वाटलं होतं. तुम्ही फक्त विचारलंत, "खायला की फोटोला?" फोटोला म्हटल्यावर काठी उचललीत आणि पुढे झालात.

पहिली शिकवणी तिथेच सुरू झाली. मी पायवाटेच्या कडेने बघत होते, तुम्ही मला ओढ्याच्या वळणांवर नेलंत. जुलैच्या पुरात वाहून आलेले ओंडके वळणावर अडकतात, वर झाडांची दाट सावली, त्यामुळे उघडीप पडली तरी ते सुकत नाहीत. बुरशीचं खरं शरीर त्या लाकडाच्या आत पसरलेलं असतं. आपण ज्याला भूछत्र म्हणतो ते तिचं फळ. हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण कुठला ओंडका फळणार, हे तुम्ही चालता चालता सांगत होतात.

उजेडाचं सांगते. छत्रीखालचे पडदे टिपायचे तर प्रकाश खालून हवा, आणि खाली नुसता अंधार. कोणीतरी फेकलेलं वेफर्सचं पाकीट तुम्ही मघाशी उचलून खिशात ठेवलं होतंत. ते फाडून, चंदेरी बाजू वर करून भूछत्राखाली धरलंत, आणि एकेक पडदा वेगळा दिसायला लागला. फोटोग्राफीचे वर्ग घेणारे यासाठी वेगळं सामान विकत घ्यायला लावतात! गुडघे चिखलात टेकवून तुम्ही किती वेळ तसे बसलात. मी "झालं, झालं" म्हणत आणखी फोटो काढत राहिले.

पडलेल्या फांदीवरच्या त्या राखाडी, केसाळ पंख्यांकडे मी बघितलंही नसतं. चार दिवस पाऊस नव्हता, ते आक्रसून गेले होते. "पाणी मारा, उघडेल," तुम्ही म्हणालात. ओंजळभर पाणी शिंपडून आपण पुढे गेलो आणि परतताना पाहिलं तर पडदे खरंच उलगडले होते. हे शिझोफायलम. त्याचा प्रत्येक पडदा उभा चिरलेला असतो. कोरड्यात दोन्ही कडा वळून बीजाणू, म्हणजे बुरशीचं बियाणं, झाकतात, ओल मिळाली की सरळ होतात. अंटार्क्टिका सोडून प्रत्येक खंडात सापडणारी बुरशी, आणि मी ती बोरिवलीत तुमच्या ओंजळीमुळे पाहिली.

घरटी बुरशीचा फोटो मात्र फसला. करंगळीच्या नखाएवढी वाटी, आत अंड्यांसारखे दाणे. वरून थेंब नेमका वाटीत पडला की दाणा उडून बाहेर जातो, कधी कधी मीटरभर लांब. पानावरून ठिबकणाऱ्या पाण्याखाली आपण दोघं डोळे लावून बसलो. दाणा उडाला. तो कुठे गेला ते ना तुम्हाला दिसलं, ना फोनला.

आणखी एका गोष्टीसाठी आभार, जिचा तेव्हा मला थोडा राग आला होता. "यातली कुठली खातात?" असं मी विचारलं, तर तुम्ही सरळ म्हणालात, "ते नाही सांगणार." नंतर पटलं. आपल्याकडे पावसाळ्यात गवतावर येणारं क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस कोवळं असताना खायच्या अळंबीसारखंच पांढरं दिसतं. पडदे हिरवट होतात ते जून झाल्यावर, आणि खाल्लं तर उलट्या-जुलाबांनी माणूस आडवा होतो. फोटो बघून ओळख पटवणारे आमच्या ग्रुपवर पुष्कळ आहेत. शिवाय उद्यानातून काही तोडून न्यायला कायद्याने बंदी आहे, ते वेगळंच. तुम्ही नाव सांगितलं असतंत, तर मी ते फोटोखाली नक्की लिहिलं असतं.

निवडक फोटोंच्या प्रती काढल्यात. प्रत्येकीच्या मागे बुरशीचं नाव लिहिलंय, जिथे मला कळलं तिथे. बाकीच्यांना तुम्ही पाड्यावर काय म्हणता ते तुम्हीच लिहा. पाकीट तिकीटघराजवळच्या कार्यालयात ठेवतेय. येत्या मंगळवार-बुधवारी तुमची पाळी असेल तर कळवा, रविवारी तिकडे फार गर्दी असते. आणि वेफर्सचं पाकीट आणू नका, मी स्वयंपाकघरातली चंदेरी फॉइल आणते.

तुमची,
दिवसभर "काका, थांबा जरा" म्हणणारी