लॉग वाचायला शिकवणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

ओळख ना पाळख, मैत्रिणीने दिलेला नुसता एक नंबर. तरी पहिल्याच फोनला तुम्ही शांतपणे म्हणालात, "घाई नको, आधी मशीन काय म्हणतंय ते बघू." आभार तेव्हा मानले होते, पण मन भरलं नाही. तुम्ही जे शिकवलंत ते अशाच अडलेल्या आणखी कुणाच्या कामी यावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आईची नजर अधू होत चालली आहे. स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तिच्या कॉम्प्युटरवर टाकायचं होतं. इन्स्टॉलेशन किती झालं ते दाखवणारी पट्टी शेवटापर्यंत जायची, तिथून मागे फिरायची आणि एरर १६०३ यायचा. ज्याला विचारावं तो म्हणे, फॉरमॅट मार. आईचे सगळे फोटो, तिने टाइप केलेल्या आठवणी त्याच मशीनमध्ये! तुम्ही मात्र फॉरमॅटचं नावही काढलं नाहीत.

१६०३ म्हणजे फक्त 'इन्स्टॉलेशन फसलं', कारण त्यात नसतं, हे तुम्ही आधी सांगितलंत. पट्टी मागे येते म्हणजे विंडोजचा इन्स्टॉलर केलेलं काम स्वतःच उलटं फिरवतो, रोलबॅक करतो, हेही समजावलंत. ते कळल्यावर माझी निम्मी भीती गेली. मग काही बिघडलंच तर विंडोजची सेटिंग्ज पूर्वीसारखी करता यावीत म्हणून आधी रिस्टोअर पॉइंट करायला लावलात. डाउनलोड केलेली फाइल अर्धवट तर नाही ना, हे कमांड प्रॉम्प्टवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत, विंडोजमधलंच सर्टयुटिल चालवून तपासलं. एसएचए-२५६ म्हणजे फाइलचा जणू बोटाचा ठसा; त्याची ती ६४ अक्षरं आपण मूळ फाइलच्या ठशाशी चार-चार करून फोनवर जुळवली. तुम्ही एकदाही कंटाळला नाहीत.

फाइल ठीक निघाली. मग तुम्ही एमएसआय-एक्झेक या विंडोज इन्स्टॉलरच्या कमांडने सविस्तर लॉग, म्हणजे इन्स्टॉलरने पायरीपायरीने काय केलं त्याची नोंद, लिहून घ्यायला शिकवलंत. केवढी ती फाइल! ती वरून वाचायची नाही, 'रिटर्न व्हॅल्यू ३' ही पायरी फसल्याची खूण शोधायची आणि त्याच्या वरच्या ओळी वाचायच्या, ही तुमची युक्ती मला सगळ्यात मोलाची वाटते. तिथेच सापडलं: एरर १३०३, अमुक फोल्डरमध्ये लिहिण्याचा अधिकार नाही.

मी तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून लॉग-इन केलं होतं, मग अधिकार कसा नाही? इन्स्टॉलरची पुष्कळशी कामं 'सिस्टम' नावाच्या खात्यातून चालतात, त्यामुळे माझे अधिकार तिथे पुरत नाहीत, असं तुम्ही सांगितलंत. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी. यादीत माझं नाव होतं, 'सिस्टम' नव्हतं. आधीच्या आवृत्तीचं ते उरलेलं फोल्डर होतं. 'सिस्टम'ला फुल कंट्रोल दिला, सेटअप पुन्हा चालवला आणि या वेळी पट्टी मागे फिरली नाही.

काका, १६०३ दिसला की प्रत्येकाचं कारण हेच असेल असं नाही, हे तुम्ही बजावलं होतंत, म्हणून इथेही लिहिते. फोल्डर एन्क्रिप्ट केलेलं, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद असलं तरी हाच आकडा येऊ शकतो. म्हणूनच आधी लॉग काढायचा.

रिमोटने माझ्या स्क्रीनचा ताबा घेतला असतात तर तुमचं काम झटपट झालं असतं. तुम्ही तसं केलं नाहीत. प्रत्येक क्लिक मला करू दिलीत, ती का करायची ते सांगितलंत आणि माझ्या प्रत्येक 'म्हणजे काय?'ला उत्तर दिलंत. एवढा वेळ आणि एवढा धीर परक्या माणसासाठी कोण काढतं?

आई आता आलेली ईमेल स्वतः ऐकते आणि उत्तरही स्वतः टाइप करते. तिला तुमच्याशी बोलायचं आहे. तुम्हाला कधी सवड असेल ते कळवा, म्हणजे तिला फोन लावून देते.

तुमची ऋणी,
एक लेक