हजेरी घेताना थांबणाऱ्या आमच्या बाईंना

बाई, नमस्कार.

तुमच्या तोंडावर हे बोलायला गेले की माझा गळा भरून येतो आणि तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून लिहितेय. नाव लिहीत नाही तुमचं, तुम्हाला ते आवडणार नाही. पण आपल्या सोलापुरात महापालिकेच्या शाळेत दुसरीला शिकवणाऱ्या अशा एक बाई आहेत एवढं तरी लोकांना कळू दे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, माझा मुलगा 7 वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे आणि तो बोलत नाही. कळतं सगळं. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी कानावर हात ठेवतो, बाबांची गाडी गल्लीत वळली की दाराशी जाऊन उभा राहतो. पण तोंडातून शब्द येत नाही. त्यावरून घरादारातलं काय काय ऐकलंय ते माझं मला माहीत. मोबाईल दिला म्हणून झालं, आई कामाला जाते म्हणून झालं, कुणाची तरी नजर लागली. अहो मेंदूची घडणच वेगळी असते या मुलांची, आईच्या वागण्यानं ऑटिझम होत नाही, हे मी डॉक्टरांकडून ऐकून घरी येऊन सांगितलं तरी नातेवाइकांचं चालूच.

तुमच्या आधी तो एका मोठ्या इंग्लिश मीडियम शाळेत होता. फी आधी पूर्ण घेतली, मग दिवाळीनंतर रोज फोन, आजपण लवकर घेऊन जा, आज रडतोय, आज बाकाखाली बसलाय. गॅदरिंगला तर सरळ सांगितलं की त्याला आवाजाचा त्रास होईल, घरीच ठेवा. शेवटी ऑफिसमध्ये बोलावून म्हणाले की बाकीच्या पालकांच्या तक्रारी येतायत, तुम्ही अशा मुलांची वेगळी शाळा बघा. मी म्हटलं, मॅडम, 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, असं काढून टाकता येत नाही. 1995 च्या जुन्या कायद्यात ऑटिझमचं नावसुद्धा नव्हतं, ते यावं म्हणून कितीतरी आईबाप झगडलेत. तर म्हणाल्या, कायदा बरोबर आहे हो, पण आमच्याकडे स्टाफ नाही. ज्यांच्याकडे एसी वर्ग आहेत, बस आहे, त्यांच्याकडे एका लेकराला सांभाळायला माणूस नाही. अजून आठवलं की अंगाची आग होते.

तुमच्या वर्गात तर एवढी मुलं, मदतीला कुणी नाही, एप्रिलच्या उन्हात पत्रा तापलेला. तरी तुम्ही पहिल्या दिवशी एवढंच विचारलंत की त्याला कशाची भीती वाटते? आजवर सगळ्यांनी विचारलं होतं की त्याला काय येत नाही.

आणि ती हजेरी. त्या दिवशी मी त्याचा डबा द्यायला मागं आले होते, खिडकीतून दिसलं. तुम्ही नावं घेत होता, पोरं "हजर बाई, हजर बाई" ओरडत होती, त्याचं नाव आलं आणि तुम्ही थांबलात. पेन वहीवर तसंच. सगळा वर्ग गप्प. कुणी हसलं नाही, कुणी त्याच्या वतीनं "आलाय बाई" म्हटलं नाही. तो पंख्याकडे बघत होता, बघत राहिला, आणि मग हळूच बाकावर दोनदा हात आपटला, थप थप. तुम्ही म्हणालात "हजर, छान," आणि पुढचं नाव घेतलंत. बस्स एवढंच. आधीच्या शाळेत त्याचं नाव घेऊन उत्तराची वाट न बघताच पुढं जायचे, मला तिथल्याच एका मावशींनी सांगितलं होतं. समोर बसलेल्या पोराला कुणी विचारतच नव्हतं की तू आहेस का. तुम्ही रोज विचारता आणि उत्तर येईपर्यंत थांबता. मी तिथं व्हरांड्यात बसून रडले, तुम्हाला सांगितलं नाही कधी.

नंतर मी तुम्हाला विचारलं की बाई हे कुठं शिकलात, कुठलं ट्रेनिंग होतं का. तुम्ही म्हणालात, माझ्या वर्गातली निम्मी पोरं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, पहिलीत येतात तेव्हा माझं काहीच कळत नाही त्यांना, नुसती बघत बसतात, म्हणून काय ती मठ्ठ असतात का, थोडं थांबलं की बोलतात. हा पण तसाच, फक्त याला जास्त थांबावं लागेल. मला वाटतं आपल्या सोलापूरच्या शाळेतल्याच बाईला हे सुचू शकतं. विडी वळणाऱ्या, कारखान्यात टॉवेल शिवणाऱ्या बायकांची पोरं शिकवलीत तुम्ही, न बोलणाऱ्या पोराच्या आत काय चाललंय ते बघायची सवय आहे तुम्हाला.

आता तर पोरंच त्याला सांभाळतात. घंटा व्हायच्या आधी शेजारची मुलगी त्याला कानावर हात ठेवायची खूण करते. खिचडी वाढणाऱ्या मावशी त्याची मटकी वेगळ्या वाटीत देतात, भातात मिसळली की तो ताटाला हात लावत नाही हे त्यांना तुम्हीच सांगितलं असणार. आणि घरी तो बाहुल्या, गाड्या, चमचे ओळीत मांडतो आणि प्रत्येकापुढं थांबून दोनदा हात आपटतो. त्याचे बाबा कारखान्यातून आले की त्यांचीपण हजेरी होते. शब्द अजून नाहीत, पण तो आता उत्तर देतो बाई.

तुमच्या बदलीची चर्चा ऐकली आणि आम्ही तीन-चार पालक ऑफिसात अर्ज घेऊन जाणार आहोत, तुम्ही रागवलात तरी चालेल. साडी तुम्ही परत केलीत, ठीक आहे. पण जूनमध्ये शाळा उघडली की सासूबाईंनी उखळात कुटलेली शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन येतेय, ती मात्र परत करू नका.

तुमच्या वर्गातल्या पोराची आई,
सोलापूर