टायर विकताना त्याच्या आवाजाचा आकडाही सांगावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शहरातील रस्त्यांच्या काँक्रिटीकरणावर आपल्या दैनिकात वाचकांची पत्रे अधूनमधून येत असतात आणि गाडीत शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येत नाही, ही तक्रार त्यांत हटकून असते. काँक्रीटवर टायरचा आवाज डांबरापेक्षा जास्त येतो हे खरेच आहे. डांबरी जंगली महाराज रस्त्यावरून निघालेली गाडी काँक्रीटच्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला लागली की आतला आवाज कसा बदलतो, हे कोणाही चालकाला वेगळे सांगावे लागत नाही. मात्र या आवाजाचा दुसरा वाटेकरी टायर आहे, आणि रस्ता आपल्या हातात नसला तरी काही वर्षांनी टायर बदलण्याची वेळ येते तेव्हा निवड आपलीच असते. ती निवड डोळसपणे करण्यासाठी लागणारी माहिती दुकानात मिळत नाही, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मध्यंतरी माझ्या हॅचबॅक गाडीचे टायर बदलायचे होते म्हणून मी नाना पेठेत आणि कोथरूड परिसरात काही दुकानांत चौकशी केली. गाडीच्या चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर १८५/६५ आर १५ असे माप छापलेले आहे. कमी आवाज करणारा टायर हवा, असे मी म्हटले की उत्तर बहुधा एकच येई : “काका, एक साइज मोठा टाका, गाडी एकदम मख्खन चालेल.” त्यापुढे बोलणे किंमत, जुन्या टायरचे किती मिळतील आणि अलाइनमेंट मोफत की नाही, एवढ्यावर येऊन थांबे. एका दुकानात तर मी आवाजाविषयी दुसऱ्यांदा विचारल्यावर त्या गृहस्थांनी टायरवर थाप मारून दाखवली. त्यातून मी काय समजावे अशी त्यांची अपेक्षा होती, हे मला कळले नाही.

‘एक साइज मोठा’ हा सल्ला सर्रास दिला जातो, म्हणून त्याचा हिशोब मांडणे आवश्यक वाटते. वरील मापातील १८५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ६५ म्हणजे साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या किती टक्के आहे तो आकडा आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. त्यावरून चाकाचा एकूण व्यास साधारण ६२२ मिलिमीटर भरतो. दुकानदार सुचवतात तो १९५/६५ आर १५ घातला तर व्यास सुमारे ६३५ मिलिमीटर होतो, म्हणजे दोन टक्क्यांनी वाढतो, आणि स्पीडोमीटरचा काटा शंभरावर असताना गाडी पूर्वीपेक्षा ताशी सुमारे दोन किलोमीटर अधिक वेगाने धावत असते. २०५/६५ वर उडी मारली तर फरक चार टक्क्यांच्या वर जातो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डच्या आतल्या अस्तराला घासण्याची शक्यता निर्माण होते. निर्मात्याने मंजूर केलेल्या तपशिलाबाहेर गाडीत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे बंधन आहे, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक टायरचे माप पाहणारच नाही असे धरून चालणे शहाणपणाचे नाही.

१९५/६५ मध्ये साइडवॉल साडेसहा मिलिमीटरने उंच झाल्यामुळे खड्ड्यातला दणका थोडा कमी बसतो, हे दुकानदारांच्या बाजूने मान्य केले पाहिजे. परंतु दणका कमी होणे आणि आवाज कमी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रुंदी वाढली की रस्त्याला टेकणारे रबर वाढते, नक्षीच्या खाचांत दाबली जाऊन बाहेर फेकली जाणारी हवा वाढते, आणि आवाज सर्वसाधारणपणे वाढण्याकडेच कल असतो. टायरच्या आवाजासंबंधी संयुक्त राष्ट्रांचा जो नियम क्रमांक ११७ आहे, त्यात हे गृहीतच धरलेले आहे : सध्याच्या दुसऱ्या टप्प्यात मोटारींच्या साध्या टायरसाठी १८५ मिलिमीटरपर्यंतच्या रुंदीला ७० डेसिबल, त्यापुढे २४५ पर्यंत ७१, २७५ पर्यंत ७२ आणि त्याहून रुंद टायरला ७४ डेसिबल अशी मर्यादा आहे. एका डेसिबलचा फरक किरकोळ वाटेल, पण तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, हे लक्षात घेतले पाहिजे.

उलट बाजूने, मोठ्या रिमची हौसही शांततेला मारकच ठरते. अनेक हॅचबॅक गाड्यांच्या वरच्या आवृत्तीत १९५/५५ आर १६ हे माप येते. त्याचा व्यास ६२१ मिलिमीटर, म्हणजे जवळपास तेवढाच, त्यामुळे स्पीडोमीटरचा प्रश्न येत नाही. पण साइडवॉल १३ मिलिमीटरने घटते आणि पावसाळ्यानंतरच्या पुण्यातल्या रस्त्यांवर ती घट कंबरेला आणि रिमला दोघांनाही जाणवते. ज्यांना शांतता हवी आहे त्यांनी कंपनीने दिलेल्या मापांपैकी अरुंद टायर आणि लहान रिम असलेले माप राखावे, हे माझे स्पष्ट मत आहे. मापापुढे छापलेले भार आणि वेगाचे चिन्ह, उदाहरणार्थ ८८ एच, म्हणजे एका टायरला ५६० किलो भार आणि ताशी २१० किलोमीटर वेग, हेही गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्यापेक्षा खाली जाऊ देऊ नये.

आता ब्रँडविषयी. ‘अमुक कंपनीचे टायर आवाज करतात’ अशी सरसकट विधाने मी पुष्कळ ऐकली आहेत आणि त्यांना फारसा अर्थ नाही, कारण एकच कंपनी शांत टायरही बनवते आणि घोंघावणारेही. मिशेलिनची प्रायमसी ४ एसटी, गुडइयरची अ‍ॅश्युरन्स कम्फर्टट्रेड किंवा योकोहामाची अ‍ॅडव्हान डीबी या मालिका आराम आणि शांतता हाच हेतू धरून बनवलेल्या आहेत, तर त्याच कंपन्यांच्या एसयूव्हीसाठीच्या एटी (ऑल टेरेन, म्हणजे कच्च्या रस्त्यावरही चालणाऱ्या) प्रकारातील टायरची मोठ्या ठोकळ्यांची नक्षी मातीत पकड मिळावी म्हणून असते आणि डांबरावर ती गुणगुणते. आयुष्यात कधी राजगडाच्या पायथ्यापलीकडे कच्च्या रस्त्यावर न गेलेल्या, कर्वे रस्त्यावरच झिजणाऱ्या किती एसयूव्हींना एटी टायर बसवलेले दिसतात, हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे. देशी कंपन्यांच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू आहे. एमआरएफ, अपोलो, सीएट किंवा जेके असे नुसते नाव न घेता कोणती मालिका, हे विचारावे, आणि आपल्या मापात ती मिळते का, हेही, कारण एकाच मालिकेची सगळी मापे बाजारात असतात असे नाही. शांततेच्या नादात ओल्या रस्त्यावरची पकड गमावू नये, हे ताम्हिणी किंवा वरंधा घाटातून पावसाळ्यात जाणाऱ्यांना सांगायला नकोच.

पैसे खर्च करण्यापूर्वी आवाज खरोखर टायरच्या जातीचा आहे की झिजेचा, हे पाहणे मात्र फार महत्त्वाचे आहे आणि नेमके तेच दुकानात कोणी पाहत नाही. गाडी थांबवून टायरच्या नक्षीवरून तळवा आधी पुढच्या दिशेने आणि मग उलट दिशेने फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दातांसारखे टोचले, तर ठोकळ्यांच्या कडा तिरप्या झिजल्या आहेत, आणि चाकांची अदलाबदल वेळेवर न केल्याचे किंवा अलाइनमेंट बिघडल्याचे ते लक्षण आहे. असा टायर कोणत्याही कंपनीचा असो, तो घूंऽऽ असा आवाज करणारच. रस्ता बदलल्यावर आवाज बदलत असेल तर संशय टायरवर घ्यावा. रस्ता कोणताही असला तरी आवाज तोच राहत असेल आणि गाडी डावी-उजवीकडे झुकवल्यावर तो कमी-जास्त होत असेल, तर बहुधा चाकाचे बेअरिंग गेलेले असते आणि नवे टायर घालूनही काही साधणार नाही. हवा सकाळी टायर थंड असताना, दाराच्या पट्टीवरील आकड्याप्रमाणे भरावी. पंपावर डोळे मिटून सगळ्यांना एकच आकडा लावला जातो, आणि जास्त हवेचा टायर कडक होऊन अधिक आदळतो. नव्या टायरची पहिल्या आठवड्यातली स्तुतीही जपून ऐकावी, कारण गोटा झालेल्या किंवा वेडावाकडा झिजलेल्या टायरनंतर कोणताही नवा टायर शांतच वाटतो.

राहिला माहितीचा प्रश्न. टायरचा आवाज, ओल्या रस्त्यावरची पकड आणि घरंगळताना होणारा रोध यांच्या मर्यादा आपल्या देशात एआयएस-१४२ या वाहन उद्योगाच्या मानकात घातलेल्या आहेत, आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२२ मध्ये अधिसूचना काढून त्या बंधनकारक करण्याचा मार्ग मोकळा केला. म्हणजे टायरचा आवाज मोजला जातो. आंतरराष्ट्रीय नियमातील चाचणीत इंजिन बंद ठेवून गाडी ताशी ८० किलोमीटरच्या आसपास वेगाने घरंगळत नेतात आणि मार्गाच्या मध्यापासून साडेसात मीटरवर ठेवलेल्या मायक्रोफोनने आवाज टिपतात. हा आवाज गाडीबाहेरचा असतो, आतला नव्हे. सस्पेन्शनमधून आणि पत्र्यातून येणारी धडधड त्यात धरली जात नाही, हे मान्य. तरीही दोन टायरांची तुलना करण्यासाठी ग्राहकाच्या हाती दुसरा कोणताच आकडा नसताना तो निरुपयोगी म्हणता येणार नाही. युरोपात तो टायरला चिकटवलेल्या लेबलवर अ, ब, क अशा श्रेणीसह डेसिबलमध्ये छापलेला असतो. आपल्याकडे दुकानात फार तर साइडवॉलवरील ‘एस२डब्ल्यूआर२’ अशी बारीक अक्षरे सापडतात. टायरने मर्यादा ओलांडलेली नाही एवढेच त्यांतून कळते, किती आवाज केला ते कळत नाही.

यातील विसंगती पुणेकरांना विशेष खटकावी. एआयएस मानके प्रकाशित होतात ती आपल्याच वेताळ टेकडीवरील एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) या वाहन संशोधन संस्थेकडून, आणि त्या टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या दुकानात त्या मानकानुसार मोजलेला आकडा विचारला तर काउंटरवरचा माणूस गोंधळून पाहतो. दोष एकट्या दुकानदाराचा नाही. कंपन्यांच्या माहितीपत्रकांत तो आकडा नसेल तर त्याने तो आणावा कोठून? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वस्तूच्या दर्जाविषयी माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क म्हणून नोंदवलेला आहे, आणि टायरच्या बाबतीत ही माहिती चाचणीच्या अहवालात तयार असते.

म्हणून टायर कंपन्यांनी प्रत्येक मालिकेच्या प्रत्येक मापासाठी आवाजाचा, ओल्या रस्त्यावरील पकडीचा आणि रोधाचा मोजलेला आकडा आपल्या माहितीपत्रकात छापावा. विक्रेत्यांनी कोटेशन देताना किमतीशेजारी तो लिहावा. आणि टायरच्या साइडवॉलवरील उत्पादनाचा आठवडा व वर्ष दाखवणारे चार अंकही त्याच कागदावर नोंदवावेत, अशी माझी मागणी आहे. ग्राहक संघटनांनी हा विषय मंत्रालयाकडे नेला तर त्याला वजन येईल. आपल्या वाहनविषयक पुरवणीत नव्या टायरची ओळख करून देताना किंमत आणि नक्षीच्या छायाचित्राबरोबर हे तीन आकडे कंपनीकडून मागवून छापता आले, तर सुरुवात आपल्यापासूनच होऊ शकेल.

आपला विश्वासू,
एक वाचक, कोथरूड, पुणे