पेन्सिलवाल्या काकांना, मनापासून

काका, नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण कॉलेजच्या अंकात माझा लेख छापून आला, हातात घेतला आणि पहिली आठवण तुमचीच आली, मग रडूच आलं.

तुम्हाला माहीतच आहे सगळं, तरी सांगते. नववीत असताना मी एका लग्नावर लिहिलं होतं. पंगतीत वरबापाच्या ताटातला वडा बाजूच्यापेक्षा लहान निघतो म्हणून तो रुसतो, मांडवाबाहेर लिंबाखाली बाजेवर जाऊन पडतो. अख्खं गाव समजूत काढायला जातं, मोटरसायकल देतो म्हणतात, मग बैलजोडी, मग वावरातली विहीर, आणि तो उठेपर्यंत मांडवात बसल्या बसल्या नवरीचे केस पांढरे होतात. सरांनी त्या पानावर लाल पेनानं आडवी रेघ मारली, मोठ्यांची टिंगल करते म्हणाले आणि बाबांना शाळेत बोलावलं. बाबा कापसाची वेचणी सोडून आले, मान खाली घालून माफी मागून गेले. ताईच्या लग्नात असाच एक रुसवा काढायला ज्यांनी कापसाचे सगळे पैसे मोजले, त्यांनीच माफी काहून मागायची? मला अजून राग येतो. त्यानंतर मी तीन वर्षं काही लिहिलंच नाही.

बारावीच्या सुट्टीत ती वही घेऊन तुमच्याकडे आले तेव्हा लाइन गेली होती. तुम्ही वाचनालयाच्या दारात उजेडाला खुर्ची ओढून वाचत बसलात, विहिरीपाशी आल्यावर एवढं हसलात की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग थोडा वेळ काहीच बोलला नाही. खिशातून पेन्सिल काढली आणि एका ओळीखाली बारीक रेघ ओढली. नवरदेव तोतरा बोलतो, अशी ती ओळ होती. "हे त्या पोट्ट्यानं ठरवून केलं नाही बाई. बाप रुसला ते त्यानं ठरवून केलं. त्याले वाढव पाहिजे तेवढं, आभाळाएवढा कर. याले सोडून दे. पेन्सिलच आहे, पटलं नाही तर पुसून टाकजो."

काका, ती रेघ मी पुसली नाही, ओळ काढून टाकली. माझं लिहिलेलं माझंच आहे असं समजून कोणीतरी पहिल्यांदा त्याला हात लावला होता, ते मला त्या दिवशी लय मोठं वाटलं आणि आजही वाटतं.

त्याच दिवशी तुम्ही कपाटातून श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं सुदाम्याचे पोहे हे विनोदी लेखांचं पुस्तक दिलं, पाठीला खाकी कागद चिकटवलेलं. हा माणूस १८७१ ला नागपुरात जन्मला, जळगाव जामोदला वकिली करत होता, म्हणजे आपल्याच बुलडाण्याच्या मातीत बसून चालीरीती आणि अंधश्रद्धांवर असं लिहीत होता, हे मला शाळेत कोणी सांगितलंच नाही. त्यातला गोष्ट सांगणारा सुदामा त्याचे मित्र बंडूनाना आणि पांडूतात्या यांच्यासोबत स्वतःही त्या वेडेपणात सामील असतो, दूर उभा राहून बोट दाखवत नाही, म्हणून वाचताना आपलंच घर दिसतं. आणि आमची आजी एकनाथांचं ते भारूड म्हणायची, सून भवानीला रोडगा कबूल करते आणि सासू, सासरा, जाऊ सगळ्यांचं वाटोळं मागते, ते ऐकून अंगणातल्या सासवाच जास्त हसायच्या. त्या भारुडाला कोणी टिंगल म्हटलं नाही. नवस करणाऱ्याच्या मनात काय असतं ते एवढं मोठं करून दाखवलं की आपोआप कळतं.

शिकलेली माणसं लय भेटली मला, पण दुसऱ्याच्या पोरीच्या वहीला एवढ्या जपून हात लावणारी थोडीच असतात.

परवा रात्री बाबांना लेख वाचून दाखवला. वड्यापाशी हसले, बैलजोडीपाशी हसले, विहीर आली तेव्हा गप्प झाले. मग म्हणाले, "वाचनालयातल्या काकाले दाखवला का?"

रविवारी अंक घेऊन येते. बाबा पण येतो म्हणतात.